कोबा, कमोड आणि तुझा अंगठा

प्रिय बापू,

तुझा मेसेज वाचला. डिपॉझिट जप्त कर, नोटीस दे, महिन्याभरात घर रिकामं करून घे. स्टुटगार्टला बसून कोथरूडचं घर रिकामं करवून घेणं तुला सोपं आहे रे. जिने चढउतार करायला इथे मी आहे. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहायला बसले. शेवटपर्यंत वाच आणि मग काय चिडायचं ते चीड.

आधी घरात काय काय झालंय ते ऐक. सोसायटीच्या ग्रुपवर खालच्या काकांनी टाकलेल्या फोटोत दिसलं त्याहून बरंच जास्त आहे. हॉलची एक भिंत मोरपंखी झाली आहे. बाल्कनीला कबुतरांची जाळी लागली आहे. ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनसाठी नळ काढला आहे. स्वयंपाकघरातला ओटा कडप्पा टाकून खिडकीपर्यंत लांबवला आहे, कारण आपल्या ओट्यावर शेगडी ठेवली की पोळपाटाला जागा उरायची नाही. आई शेवटपर्यंत पोळ्या खाली बसून लाटायची ती काही हौसेने नव्हे. आणि संडासातलं भारतीय पद्धतीचं भांडं काढून तिथे कमोड बसवला आहे. काकांच्या छताला ओल आली ती या शेवटच्या कामामुळे.

‘एका शब्दाने विचारलं नाही’ असं तू लिहिलं आहेस. विचारलं होतं. भाडेकरू बाईंनी मला त्यांचा फोन उघडून दाखवला. पाडव्याच्या दिवशी तुला शुभेच्छा पाठवल्या, त्याच्या खाली लिहिलं, ‘सर, सासूबाईंना खाली बसता येत नाही, टॉयलेटमध्ये थोडं काम करून घ्यायचं आहे, चालेल ना?’ त्यावर तुझा अंगठा आहे. पिवळा, वर केलेला. तू तो शुभेच्छांना दिला असशील, पण आहे तो त्या प्रश्नाखाली. कॅनडात सस्कॅचेवानच्या न्यायालयाने 2023 साली जवसाच्या खरेदीच्या एका खटल्यात असाच अंगठा करारावरची सही म्हणून धरला आणि माल न देणाऱ्या शेतकऱ्याला भरपाई द्यायला लावली. तो कायदा आपल्याकडे लागत नाही, ठाऊक आहे मला. पण ‘लेखी संमती कुठे आहे’ असं नोटिशीत लिहिण्याआधी तुझा फोन वर सरकवून बघ.

त्याआधी त्यांनी एजंटालाही विचारलं होतं. तो म्हणाला, ‘घ्या करून, मालक बाहेर असतात, कोण बघायला येतंय!’ घर भाड्याने द्यायचं, करार ऑनलाइन करायचा, एजंटाने घरी आणलेल्या यंत्रावर बोट टेकवायचं आणि अकरा महिने त्या घराचं नाव काढायचं नाही, ही पुण्यातल्या निम्म्या मालकांची रीत आहे. मग भाडेकरू विचारणार कोणाला? माणसाने विचारावं अशी अपेक्षा असेल, तर विचारण्याजोगा मालक आधी जागेवर हवा. या सबंध प्रकरणात मला सांगायचं आहे ते एवढंच, बाकीचा कायदा तू काढलास म्हणून.

तर कायदा. आपला करार लीव्ह अँड लायसन्सचा आहे, म्हणजे त्या कुटुंबाला जुन्या भाडेकरूंचं संरक्षण नाही आणि करारातलं ‘लेखी परवानगीशिवाय बदल करू नये’ हे कलम त्यांना बांधतं. इथपर्यंत तुझं बरोबर. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 मधलं कलम 16 एकदा वाच. परवानगीवाचून पक्कं बांधकाम केलं तर भाडेकरूला काढता येतं, असं ते म्हणतं आणि लगेच खाली स्पष्टीकरण देतं की अमुक गोष्टी पक्क्या बांधकामात धरायच्या नाहीत: लाकडी पार्टिशन, उभ्याने स्वयंपाक करायचा ओटा, दार, जाळीकाम, हवेसाठी लागणारी खिडकी, फॉल्स सीलिंग, एअर कंडिशनर, धूर बाहेर टाकायची सोय. लागेल तिथे पालिकेची परवानगी घ्यायची, एवढीच अट. ही यादी वाचताना मला आपल्या जुन्या शेजारणी आठवल्या. ओट्यासारखी वस्तू विधिमंडळाच्या कायद्यात जाऊन बसली, म्हणजे कोर्टात आणि कोर्टाबाहेर ओट्यांवरून किती भांडणं झाली असतील! चूल गेली, स्टोव्ह गेला, गॅस आला, बाई जमिनीवरून उठून उभी राहिली, आणि भाड्याच्या खोलीत तिच्यासाठी ओटा कोणी बांधायचा हा प्रश्न मालकाच्या दारात जाऊन पडला. आपल्या भाडेकरूंना ते कलम थेट लागू नसेल. पण काय बदललं म्हणजे घर बिघडलं आणि काय बदललं म्हणजे नुसतं राहतं झालं, याचा अंदाज त्यात आहे, आणि तो मला शहाणपणाचा वाटतो. न्यायालयंही अशा वेळी साधारण हेच बघतात: काम कसलं आहे, मूळ जागेला धक्का न लावता काढता येईल का, कायमचं ठेवायच्या इराद्याने केलंय का. मोरपंखी भिंत यातल्या कुठल्याच प्रश्नात अडकत नाही.

तुझ्या वकील मित्राने दुसरी भीती घातली आहे, की परवानाधारकाने पक्कं काम केलं तर परवाना रद्दच करता येत नाही. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यात कलम 60 आहे, खरं आहे. पण ते काम परवान्याच्या आधाराने केलेलं असावं लागतं. ज्या करारातच ‘करू नये’ लिहिलंय त्याच्या आधाराने कमोड कसा बसेल? त्या बाई आपलं घर गिळायला बसलेल्या नाहीत, बापू. त्यांना सासूबाईंना संडासात नेऊन परत आणायचं होतं.

नारायण पेठेतल्या वाड्याची तुला फारशी आठवण नसेल. आपल्या दोन खोल्यांपैकी आतल्या खोलीत अण्णांनी एका दिवाळीच्या सुट्टीत सुतार बोलावून पोटमाळा टाकला. कोणाला विचारलं नव्हतं. मालकांच्या बायकोला खटखट ऐकू आली आणि ती चौकातूनच ओरडली की माझ्या तुळया पोखरताय. मग मालक वर आले, चहा प्यायले, पोटमाळ्यावर चढून बसले, वाकून वाकून सगळं बघितलं आणि बरंच काही बोलून खाली गेले. भाडं तेवढंच राहिलं. पण आपण जागा सोडली तेव्हा पुढच्या माणसाला त्यांनी ‘वर झोपायची सोय आहे’ असं सांगून जास्त पैसे घेतले. ती फळी अण्णांची आणि ते खिळेही अण्णांचेच होते. मालकाची तक्रार आणि मालकाचा फायदा दोन्ही एकाच पोटमाळ्यावर कसे सुखाने नांदतात, हे मी तेव्हा शिकले. आता आपला लांबवलेला ओटा पुढच्या भाडेकरूला दाखवताना तू काय म्हणणार आहेस, ते मला आजच ठाऊक आहे.

आता कमोड. इथे मात्र मी त्यांच्या बाजूने बोलणार नाही.

प्लंबर घेऊन मी स्वतः गेले होते. आपल्या बिल्डिंगीत संडासाची स्लॅब बाकी घरापेक्षा फूटभर खाली ओतलेली आहे. त्या खड्ड्यात तळाला वॉटरप्रूफिंगचा थर, त्यावर भांडं, ट्रॅप आणि पाइप, भोवती विटांचे तुकडे आणि सिमेंट घालून दाबलेला कोबा आणि वर फरशी. भारतीय भांडं त्या कोब्यात गळ्यापर्यंत रुतलेलं असतं. ते काढायचं म्हणजे कोबा फोडायचा. हाताने, छिन्नीने सावकाश फोडला तर तळाचा थर वाचतो. ब्रेकर लावला की बाहेरून काही कळत नाही आणि आत थराला तडा जातो. त्यांच्या मिस्त्रीने ब्रेकरच लावला, आणि तोही रविवारी दुपारी, काका गावाला गेलेले बघून. शिवाय भिंतीतल्या जुन्या बिडाच्या पाइपला पीव्हीसीचा तुकडा जोडला आणि सांध्यात नुसतं पांढरं सिमेंट थापलं. फरशी सुरेख लावली आहे, बघून कोणीही फसेल. पण प्रत्येक फ्लशबरोबर थोडं पाणी त्या सांध्यातून कोब्यात उतरत होतं, कोबा ते धरून ठेवत होता आणि काकांच्या बाथरूमच्या कोपऱ्यात पिवळी कड असलेला डाग रोज बोटभर पुढे सरकत होता. आमचा प्लंबर बराच वेळ उकिडवा बसून बघत राहिला आणि म्हणाला, ‘ताई, काम चांगलं केलंय, फक्त पाण्याला विचारलं नाही.’

गंमत म्हणजे या संडासाचा आतला नकाशा आपल्याकडे आहे. अण्णांनी मागे वॉटरप्रूफिंग पुन्हा करून घेतलं, तेव्हा कुठला पाइप कुठून वळतो ते वहीच्या पानावर काढून घरपट्टीच्या पावत्यांच्या फायलीत ठेवलं होतं. मला नीट विचारलं असतं तर ते पान मी दिलं असतं, आपल्या ओळखीचा मिस्त्री दिला असता, आणि फरशी लावायच्या आधी दोन दिवस पाणी भरून ठेवून खालचं छत कोरडं राहतंय ना ते बघितलं असतं. किंवा आधी औषधांच्या दुकानात मिळणारी कमोडची खुर्ची जुन्या भांड्यावर ठेवून बघा म्हटलं असतं, आणि कदाचित काहीच फोडावं लागलं नसतं. मालकाला विचारायचं ते त्याचा मान राखायला नव्हे. भिंतीच्या आत काय आहे ते राहणाऱ्याला दिसत नाही आणि मालकाच्या फायलीत ते असतं, म्हणून. मी त्या बाईंना हे सगळं सुनावलं. अंगठा आला की काम सुरू, असं चालत नाही. काय काम, कोण करणार, कधी करणार ते लिहायचं, सोसायटीला अर्ज द्यायचा, खालच्या माणसाला सांगायचं. त्यांनी ऐकून घेतलं. रडल्या-बिडल्या नाहीत, ते मला आवडलं.

पण तुझ्याकडेही वळते. तुमच्या स्टुटगार्टात तू पहिलं घर भाड्याने घेतलंस तेव्हा स्वयंपाकघरात नळाच्या तोंडाखेरीज काही नव्हतं, हे आम्हाला तूच सांगितलं होतंस. सिंक, कपाटं, शेगडी सगळं भाडेकरूने आणायचं, जाताना न्यायचं नाहीतर पुढच्याला विकायचं. तू दोन घरं ती कपाटं घेऊन फिरलास, भिंतींना भोकं पाडलीस, दिवे टांगलेस. छोकरीच्या खोलीला जांभळा रंग दिलास. राहत असताना भिंतीला कुठलाही रंग द्या, सोडताना मात्र साधा रंग करून द्या, नाहीतर भरपाई भरा, असा तुमच्याकडच्या सर्वोच्च न्यायालयाचा 2013 चा निकाल आहे. मला हा न्याय एकदम पटतो. आपणही त्या मोरपंखी भिंतीबद्दल एवढंच म्हणू.

आणि तुझ्याच लेकीने मला फोनवर तुमच्या नागरी संहितेतलं कलम 554 वाचून अर्थ सांगितला. अपंग माणसाला घर वापरता यावं म्हणून करायच्या बदलाला भाडेकरू मालकाकडे संमती मागू शकतो, आणि अगदीच अन्याय होत नसेल तर मालकाला ती द्यावी लागते. हवं तर त्याने त्यापोटी जास्तीचं डिपॉझिट मागावं. डिसेंबर 2020 पासून त्यात गाडी चार्ज करायची सोय आणि चोरीपासून संरक्षणही आलं. म्हणजे आपल्या भाडेकरूच्या सासूबाई स्टुटगार्टात राहत असत्या, तर कमोड मागायचा त्यांना हक्क असता. तिथला भाडेकरू म्हणून तुला जे हक्काचं वाटतं ते इथला मालक म्हणून आगाऊपणाचं वाटतंय. आपल्याकडे असं कलम नाही, त्यामुळे ते आपल्या अकलेवर सोडलेलं आहे.

तेव्हा मी काय ठरवलंय ते सांगते. भिंती, जाळी, नळ, ओटा राहू दे. बीम, कॉलम किंवा कुठलीही भिंत फोडली असती तर नोटीस मीच दिली असती, पण त्याला कोणी हात लावलेला नाही. कमोड राहील. संडास पुन्हा उघडून सांधा आणि वॉटरप्रूफिंग करायचा खर्च त्यांचा, काकांचं छत रंगवायचा खर्चही त्यांचाच. त्यांनी मान्य केलं आहे आणि मी ते दोघांच्या सहीने कागदावर घेतलं आहे. डिपॉझिटमधून आत्ता काही कापायचं नाही. ते घर सोडतानाच्या हिशोबासाठी असतं, रागाचे पैसे वळते करायला नाही. नव्या करारात मी एक ओळ घालणार आहे: कुठल्याही कामासाठी माझ्या नंबरवर लिहून विचारायचं, आणि मी चार दिवसांत हो किंवा नाही कळवायचं. एजंटाचं नाव त्यात नसेल.

एक काम मात्र आपलं. त्या सासूबाईंना उठताना धरायला कमोडच्या बाजूला दांडी हवी आहे. सुनेने या वेळी विचारलं, व्यवस्थित लिहून, भिंतीचा फोटो जोडून. ती भिंत चार इंची विटांची आहे, साधे प्लगस्क्रू माणसाचं वजन घेणार नाहीत, म्हणून फिटर आरपार बोल्ट घालून मागून पट्टी लावणार आहे. शनिवारी येतोय. ही दांडी घरातच राहणार, त्यामुळे मजुरीसकट खर्च आपण द्यायचा, असं मी त्यांना सांगून टाकलं आहे. बिल आलं की फोटो पाठवते. तुझे निम्मे माझ्या खात्यात टाक.

तुझी,
ताई