एका चाकाचा भरवसा

साठीनंतर माणसाने पोट कमी करण्याच्या भानगडीत पडू नये, असे साठीपर्यंत माझे स्पष्ट मत होते. पोट ही काय एका दिवसात आलेली वस्तू आहे? तीस वर्षे बँकेच्या खुर्चीत बसून, सौ.च्या हातच्या पुरणपोळ्यांच्या बळावर ते मी कमावलेले आहे. पण २०२३च्या गणपतीत घोटाळा झाला. पूजा आटोपली, आरतीला सगळे उभे राहिले आणि मी आपला पाटावर तसाच! उठताच येईना. शेवटी एका बाजूने मेहुणा आणि दुसऱ्या बाजूने गुरुजी अशी मला उभी करण्याची मोहीम सुरू झाली, तेव्हा नात म्हणाली, "आजोबांचं विसर्जन आजच का?"

सगळे हसले. मीही हसलो. रात्री मात्र झोप लागली नाही. आमचे अप्पा सत्तरीतही रोज पन्नास जोर मारीत. आणि त्यांच्या मुलाला पाटावरून उठायला दोन माणसे लागावीत?

चिरंजिवांना फोनवर हे कळले (कुणी कळवले ते सांगायला नको) आणि आठ दिवसांत पार्सलने एक यंत्र आले. मधोमध एक चाक आणि दोन बाजूंना दोन मुठी. गुडघे टेकायचे, मुठी धरायच्या, चाक पुढे ढकलीत अंग लांब करायचे आणि पोटाच्या जोरावर परत यायचे. यातला 'पुढे जायचे' हा भाग मला पहिल्याच दिवशी उत्तम जमला. परत येण्याचा प्रश्नच उद्भवला नाही. तीस वर्षे शिक्के मारून माझा उजवा हात अंमळ जड झाला आहे. त्याचा भार पडताच चाक उजवीकडे कलले आणि मी फरशीवर आडवा झालो. सौ. दुधाखालचा गॅस बंद करून आली. म्हणाली, "अहो, साष्टांगच घालायचा तर देवाकडे तोंड करून तरी घाला!"

दुसरा कुणी असता तर त्याने ते चाक माळ्यावर टाकले असते. मी यंत्र सुधारायचे ठरवले. माणसाला स्वतःत सुधारणा करण्यापेक्षा ते केव्हाही सोपे वाटते.

माझी पहिली अक्कल अशी, की एका चाकाने तोल जातो तर दोन लावावीत. ओळखीच्या लेथवाल्याकडून तसे करूनही घेतले. चार इंचांवर दोन चाके, बाजूला पूर्वीच्याच मुठी. तरीही पडलो. मिस्त्रींनी यंत्र हातात घेऊन फिरवले आणि माझ्याकडे अतिशय दयेने पाहिले. "काका, बैलगाडीत माणसं चाकांच्या बाहेर बसलेली कधी बघितलीत का?"

मी पदवीधर माणूस. पण हे माझ्या डोक्यात आले नव्हते. हात चाकाच्या बाहेर असला, की दाबलेल्या बाजूचे चाक टेकू होते आणि पलीकडची बाजू वर उठते. घसरगुंडीशेजारच्या सी-सॉवर आपण लहानपणी हेच तर केले! मग मिस्त्रींनी चाके टोकांना नेली, दोहोंत दीड फूट अंतर ठेवले आणि हात मध्ये आणले. आता कुठल्याही हाताने दाबा, भार दोन चाकांच्या आतच पडणार. कलंडणे बंद.

पण यंत्र वळू लागले. दोन्ही चाके आपापल्या बेअरिंगवर स्वतंत्र फिरत होती. माझा उजवा हात जास्त रेटणार, उजवे चाक पुढे पळणार आणि मी डावीकडे वळून थेट दिवाणाखाली! (तिथे १९९८ साली हरवलेली माझी पेनाची टोपी सापडली, हा फायदा.) "आगगाडीची चाकं आसावर घट्ट बसवलेली असतात, म्हणून जोडीनंच फिरतात," असे म्हणून मिस्त्रींनी बेअरिंगे काढून फेकली. जाड सळईच्या दोन टोकांना चाके पक्की केली आणि सळईवर मुठीसाठी पाइप चढवला. पाइप हातात स्थिर, आत सळई फिरते. मध्ये नुसते ग्रीस. "थोडं अडलं तर बरंच काका, नाहीतर तुम्ही सुटाल ते थेट रस्त्यावर." चाकांना जुन्या सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या लावल्या, त्यामुळे फरशीवरचे घसरणे थांबले. शिवाय जोर मारताना चाकांच्या पुढेमागे ठोकायला चार लाकडी पाचरी दिल्या. घाटात बंद पडलेल्या एस.टी.च्या चाकाखाली दगड लावतात, तसे.

यंत्र आता एकदम स्थिर होते. डुगडुगत होतो तो मी! अंग लांबले, की पोट खाली, कंबर खचलेली आणि दुसऱ्या दिवशी उठताना ओय ओय. यावरचा उपाय फिजिओथेरपीवाल्या मुलीने सांगितला, तो फुकटचा निघाला. भिंतीकडे तोंड करून बसायचे. चाक भिंतीला लागले की थांबले. त्यापुढे जाणे नाही, पडणे नाही. कंबर खचू लागली, की समजायचे आपण भिंतीपासून फार लांब बसलो. गुडघ्यांच्या जागी खडूने रेघ मारायची आणि अंगात बळ येईल तशी ती मागे सरकवायची. आमच्या फरश्या एकेक फुटाच्या. मी तीन फरश्यांपासून सुरुवात केली. साडेतीनला यायला पाच महिने लागले.

२०२४च्या गणपतीत पूजा झाली. मेहुणा आणि गुरुजी सवयीने दोन बाजूंना येऊन उभे राहिले. मी पाटावर हात टेकला, एक गुडघा पुढे घेतला आणि उठलो. मेहुण्याचा हात हवेतच राहिला. सौ.ने आरतीचे तबक माझ्या हातात दिले, पण बोलली काही नाही. आमच्याकडे याला कौतुक म्हणतात.

परवा सकाळी चाक घेऊन बसलो, तर साडेतीन फरश्यांवर माझी रेघ होती, आणि तिच्या मागे, चौथ्या फरशीच्या कडेवर, आणखी एक रेघ. ही खडूची नव्हती. रांगोळीची होती.