धुराची वाट

इंजिन घेणारा माणूस किती अश्वशक्तीचं ते विचारतो, डिझेल किती खातं ते विचारतो. धूर कुठून जाणार, हे सहसा कुणी विचारत नाही. माझं आयुष्य त्या न विचारलेल्या प्रश्नाच्या मागे गेलं. त्याचं मला समाधान आहे.

करवीर तालुक्यातल्या आमच्या गावात हंगामात गुऱ्हाळं रात्रंदिवस चालायची. एका सिलिंडरचं डिझेल इंजिन, त्यावरून घाण्याला गेलेला पट्टा, आणि भिंतीतून बाहेर काढलेला सायलेन्सरचा पाईप. आबा कोल्हापूरच्या उद्यमनगरात वेल्डर होते. गुऱ्हाळाचं इंजिन अडलं की त्यांना बोलावणं यायचं. ते आधी आत जात नसत. बाहेर उभं राहून धूर बघत. काळा असेल तर हवा कमी पडतेय किंवा बाहेरची वाट काजळीनं तुंबलीय. निळा असेल तर ऑइल जळतंय. इंजिन तापल्यावरही पांढराच राहिला तर डिझेल कच्चं जातंय, नाहीतर आत पाणी शिरलंय. गुळव्या काहिलीतल्या रसाचा रंग बघायचा, आबा धुराचा. दोघांचं बघणं मला सारख्याच योग्यतेचं वाटायचं.

पुढे मीही उद्यमनगरातच शिकलो. लेथ, ओतकाम, वेल्डिंग, सगळं हाकेच्या अंतरावर. बाबूराव पेंटरांनी 1918 च्या सुमारास स्वतः सिनेमाचा कॅमेरा घडवला, ही गोष्ट आमच्याकडं कारागिरांची पोरं लहानपणीच ऐकतात. जो भाग बाजारात मिळत नाही तो मापं घेऊन करायचा, ही कोल्हापूरची सवय. त्या सवयीनंच मला समुद्रापर्यंत नेलं. जुन्या बोटींच्या इंजिनांचे भाग मिळेनासे झाले, आणि कोकणातली माणसं गगनबावड्याचा घाट चढून फुटके बेंड, गंजलेले मॅनिफोल्ड घेऊन आमच्याकडं यायला लागली. मग आम्हीच घाट उतरायला लागलो. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तोच आमचा मोसम.

मच्छीमार बोटीवर बहुधा कोरडा एक्झॉस्ट असतो. मॅनिफोल्डमधून निघालेला पाईप केबिनजवळून सरळ वर जातो. पूर्ण भारावर आतला वायू 400 अंशांच्या वर तापतो, आणि शेजारी लाकूड असतं, जाळी असतात, डिझेल असतं. पूर्वी त्या पाईपला अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी गुंडाळत. जुनी झाली की तिचे तंतू सुटतात आणि फुप्फुसात जातात. म्हणून आम्ही ती भिजवून काढतो आणि काचतंतूची पट्टी चढवतो. इंजिन आणि पाईप यांच्यामध्ये लवचीक बेलो घालतो. तो नसला की इंजिनाची थरथर थेट वेल्डवर येते आणि फ्लँजच्या मुळाशी तडा जातो.

पर्यटकांना फिरवणाऱ्या जुन्या लाँच आणि स्पीडबोटींवर ओला एक्झॉस्ट असतो. त्यात गरम वायूवरच समुद्राचं पाणी सोडतात. वायू इतका निवतो की पुढचा पाईप रबरी चालतो, आवाजही पाण्यात मुरतो. योजना फार देखणी आहे, पण तिचा सगळा भार एका बेंडवर येतो. ऊन वायू, खारं पाणी आणि डिझेलमधल्या गंधकाचं आम्ल, तिन्ही तिथंच भेटतात. बाहेरून रंग शाबूत दिसतो, आत धातू कागदासारखा झालेला असतो. साधं 304 स्टील तिथं टिकत नाही. 316 मध्ये मॉलिब्डेनम असल्यानं ते खाऱ्या पाण्याला जास्त दिवस तोंड देतं, तरी कायमचं नाही. आमच्या फाउंड्रीतला बिडाचा जाड बेंड गंजतो, पण सावकाश गंजतो आणि बदलायला सवड देतो.

धातूइतकीच उंची महत्त्वाची. वायू आधी पाण्याच्या पातळीच्या बराच वर न्यावा लागतो आणि तिथून मागे उतार द्यावा लागतो. इंजिन त्या पातळीच्या खाली बसलेलं असेल तर पाणी सोडणाऱ्या नळीला वर वळसा देऊन हवेची झडप बसवावी लागते. नाहीतर बंद इंजिनात पाणी आपोआप ओढलं जातं. पाणी दाबलं जात नाही. सकाळी स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो.

पण इंजिन नवं आणता येतं. माणसाचं तसं नाही. पाईपला केबिनमध्ये बारीकशी गळती असेल तर कार्बन मोनॉक्साइड आत साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, गुंगी येते, आणि झोपलेला माणूस उठत नाही. बोट चालत असताना मागे हवेची पोकळी होते आणि बाहेर टाकलेला धूरही पुन्हा आत ओढला जातो. डिझेलपेक्षा पेट्रोल इंजिनाला हा धोका कितीतरी जास्त. म्हणून मी प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून, हवा भरून बुडबुडे बघतो. मालक घाईत असला तरी बघतो.

2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं 43 फुटांची धोक्याची पातळी केव्हाच मागे टाकली आणि बोटी आमच्याच गल्ल्यांत आल्या. बचाव पथकांच्या रबरी बोटींना मागे आउटबोर्ड मोटर होत्या. अशा बऱ्याच मोटरींचा धूर पंख्याच्या मधल्या पोकळीतून पाण्याखाली सोडलेला असतो. त्यामुळं आवाज दबतो. वेग कमी केला की माडीवरून हाक मारणाऱ्याचा आवाज बोटवाल्याला ऐकू येत होता. सायलेन्सरचं काम किती मोठं असू शकतं, ते मला त्या दिवसांत कळलं.

हल्ली तरुण मालक येतात आणि सायलेन्सर कापून मोकळा करायला सांगतात, ताकद वाढेल म्हणून. पाईप खरोखर अरुंद असेल, वळणं जास्त असतील, तर मी तो रुंद करून देतो. इंजिनाला श्वास सोडायला जागा हवीच. नुसत्या आवाजासाठी मात्र कापत नाही. त्या पैशात केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइडची घंटा बसवा, असं सांगतो. लाइफ जॅकेटशिवाय बोट सोडायची नाही हा आग्रह आता किनाऱ्यावर बऱ्यापैकी रुजलाय. झोपायची केबिन असलेल्या प्रत्येक बोटीवर ही घंटाही तितक्याच आग्रहानं लागली पाहिजे, आणि आयटीआयतल्या पोरांना इंजिन शिकवताना शेवटच्या फ्लँजपर्यंत शिकवलं पाहिजे.