उसनी न देण्याची वस्तू

महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून उभी हयात गेल्यामुळे नोंदवही, रकाने आणि सही-शिक्का यांच्याविषयी माझ्या मनात स्वाभाविक आदर आहे. परंतु दप्तराची ही शिस्त एका लहान मुलाच्या प्रकृतीला किती उपकारक ठरू शकते, याचा प्रत्यय मला सेवानिवृत्तीनंतर, करकंबच्या आमच्या घरी, नातवाच्या औषधोपचाराच्या निमित्ताने आला.

नातू बुद्धीने तल्लख. पण गणिताची पहिली पायरी अचूक मांडून दुसरीपर्यंत पोचण्याआधीच त्याचे चित्त खिडकीबाहेर गेलेले असे, आणि टेंभुर्णीच्या रस्त्यावर उसाने लादलेला ट्रॅक्टर समोरून येत असताना तो कोणाच्याही हाकेला न जुमानता रस्त्यापलीकडे धाव घेई. सोलापूरच्या मनोविकारतज्ज्ञांनी त्याची, आईबापांची व शाळेची सविस्तर विचारपूस करून अवधानदोष व अतिचंचलता, म्हणजे ज्याला सर्वत्र एडीएचडी म्हणतात, असे निदान केले. त्यांनी आरंभी घरच्यांना व गुरुजींना मुलाशी कसे वागावे याचे मार्गदर्शन केले, आणि तेवढ्याने पुरेसा गुण न आल्यावरच मेथिलफेनिडेट सुरू करण्याचा निर्णय घेतला. त्यापूर्वी त्यांनी जी चौकशी केली ती मला फार मोलाची वाटते. घराण्यात कोणी ऐन तारुण्यात अकस्मात हृदयविकाराने दगावले आहे काय, मुलाला खेळताना कधी भोवळ आली आहे काय, वैद्यांचे काढे किंवा खोकल्याचे औषध चालू आहे काय, हे सारे विचारून त्यांनी उंची, वजन, नाडी आणि रक्तदाब मोजला, आणि हे चारही आकडे प्रत्येक भेटीत पुन्हा मोजले जातील असे सांगितले.

हे द्रव्य काही आजचे नाही. १९४४ साली बाझेल येथील सिबा कंपनीत लिआंद्रो पानिझ्झोन या रसायनशास्त्रज्ञाने ते प्रथम तयार केले, आणि त्याच्या पत्नीच्या रीटा या लाडक्या नावावरून त्याला रिटालिन हे नाव मिळाले. मेंदूतील डोपामिन व नॉरअ‍ॅड्रेनालिन या संदेशवाहक द्रव्यांचा प्रभाव ते वाढवते, त्यामुळे विखुरलेले अवधान एकवटण्यास साहाय्य होते. परंतु हेच द्रव्य अवाजवी मात्रेत, अथवा ज्याला ते लिहून दिलेले नाही अशा माणसाच्या पोटात गेले, तर अपाय करते, आणि त्याची सवयही जडू शकते. म्हणून कायद्याने त्याचा कडक बंदोबस्त केला आहे. औषधे नियम, १९४५ यांच्या ‘एक्स’ अनुसूचीत ते मोडते. डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत लागते, पैकी एक प्रत दुकानदाराने २ वर्षे जपून ठेवायची असते, आणि माल कुलूपबंद कपाटात राहतो. शिवाय १९८५ चा गुंगीकारक औषधी द्रव्यांचा अधिनियम त्याला लागू आहेच. ही गोळी गावातल्या दुकानात मिळत नाही, सोलापूरच्या दुकानातही दुसरी प्रत नसेल तर रिकाम्या हाताने परतावे लागते, म्हणून चिरंजीव वैतागले. मला मात्र त्या कुलपात आपल्याच मुलाचे संरक्षण दिसले.

दुकानदाराचे कुलूप गोळी हाती पडताच संपते. पुढचा बंदोबस्त घराने करायचा असतो. सूनबाईंनी गोळ्या पत्र्याच्या पेटीत ठेवल्या, किल्ली स्वतःपाशी घेतली, आणि मी वही आखून दिली: तारीख, आलेल्या गोळ्या, दिलेली गोळी, शिल्लक, शेरा. आषाढीला पंढरपूरकडे जाणाऱ्या दिंड्यांबरोबर पैपाहुणे येऊन घर भरते, पोरे कपाटे उघडतात, तेव्हा या पेटीचे महत्त्व विशेष जाणवते. गोळी सकाळी न्याहारीबरोबर, आईच्या देखत, पाण्याने अख्खी गिळायची. कारण ती दिवसभर हळूहळू पाझरण्यासाठी बनवलेली असल्याने चावली वा कुटली तर सारी मात्रा एकदम अंगात उतरते. सकाळची चुकली तर दुपारी उशिरा द्यायची नाही, रात्रीची झोप उडते. भूक मात्र खरोखरच मंदावली. दुपारचा डबा जसाच्या तसा परत येऊ लागला, तेव्हा सूनबाईंनी गोळीआधी भाकरी, दही आणि शेंगाचटणी अशी भरपेट न्याहारी सुरू केली. आणि दिवेलागणीला, औषधाचा अंमल उतरल्यावर, हाच मुलगा आमच्या गावच्या झणझणीत बाजार आमटीत भाकरी कुस्करून दोनदा वाढून घेऊ लागला. वजनाचा रकाना वहीत त्या वेळी वाढवला.

सर्वांत अवघड प्रसंग आला तो आपुलकीच्या पोटी. आमच्याकडे विरजणापासून पाण्याच्या मोटारीपर्यंत सारे उसने मिळते, आणि तापाची गोळीही या घरातून त्या घरात जाते. ती देणे हा शेजारधर्म समजतात. एका संध्याकाळी माझे जुने स्नेही ओट्यावर येऊन बसले आणि आवाज उतरवून म्हणाले, “अण्णा, पोराची बारावी हाय. रातच्याला डोळं मिटत्यात. तुमच्याकडल्या त्या ध्यानाच्या दोन गोळ्या द्या की.”

मी म्हणालो, “बापू, माझ्या पेटीतलं धान्य मागा, पैसे मागा, ही गोळी मागू नका. तिनं तुमच्या पोराच्या छातीची धडधड वाढली, तर मी तुम्हाला काय तोंड दाखवू? त्याचं काळीज कुणी तपासलंय?”

“दोन गोळ्यांनी काय हुतंय?”

“हे डॉक्टरांनाच ठाऊक. आणि दुसऱ्याला देणं हा गुन्हाही आहे.”

ते उठून गेले, काही दिवस फिरकले नाहीत, पुढे पूर्ववत येऊ लागले. तो विषय पुन्हा निघाला नाही. स्नेह्याला नकार देणे मला जड गेले, पण शेजारधर्माची व्याप्ती इथे संपते असे माझे ठाम मत आहे.

शाळेपासून हे लपवावे असा घरात एक विचार होता. मी तो मानला नाही. मुख्याध्यापकांना लेखी कळवले, आणि नातवालाही गोळी कशासाठी आहे ते स्पष्ट सांगितले. त्याला गुण विचारला तेव्हा तो म्हणाला, “आजोबा, आता फळ्यावरचं शेवटपर्यंत वाचून होतं.”

मध्यंतरी डॉक्टरांनी मात्रा बदलली आणि जुन्या शक्तीच्या काही गोळ्या उरल्या. पैसे वाया जाऊ नयेत म्हणून त्या जोडून संपवाव्यात, असे चिरंजिवांनी सुचवले. मी फोन करून विचारले, तेव्हा डॉक्टरांनी सक्त मनाई केली. त्यांच्या सांगण्याप्रमाणे सूनबाईंनी त्या चहाच्या ओल्या चोथ्यात मिसळून, पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात टाकल्या, वहीत ‘नष्ट’ असा शेरा मारला आणि खाली आम्ही दोघांनी सह्या केल्या. मे महिन्याच्या सुटीत औषध काही काळ थांबवून पाहावे की नाही, याचा निर्णय पुढील भेटीत वजन-उंचीचे आकडे पाहून डॉक्टर घेतील. तोपर्यंत आहे तीच मात्रा, त्याच वेळेला, चालू आहे.