गिरीश कासारवल्ली : ओळखीचे शब्द आणि अनोळखी वाक्य

शेजारच्या भाषेतील चित्रपट पाहताना आपली नजर पडद्याच्या तळाशी उमटणाऱ्या अनुवादावर खिळलेली असते. भाषाविज्ञानाच्या अध्यापकाला मात्र चित्रपटाचे नावच आधी थांबवते. कन्नड दिग्दर्शक गिरीश कासारवल्ली यांच्या ‘घटश्राद्ध’, ‘तायी साहेब’, ‘द्वीप’ या चित्रपटांची नावे मराठी माणसाला अनुवादाशिवाय समजतात. निदान समजली असे वाटते. या वाटण्याची परीक्षा कासारवल्लींचे चित्रपट कसे घेतात, ते या लेखात पाहू.

कासारवल्ली यांचा जन्म 1950 साली शिमोगा जिल्ह्यातील तीर्थहळ्ळी तालुक्यात झाला. मणिपाल येथे त्यांनी औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेतली. अशा पदवीधराला पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्ससारख्या कारखान्यात त्या काळी सहज भवितव्य दिसले असते. ते पुण्याला आले खरे, परंतु फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे जेथे एकेकाळी ‘प्रभात’चा स्टुडिओ होता त्याच आवारात. ‘अवशेष’ या त्यांच्या पदविकापटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 1975 साली शिक्षण पूर्ण झाले. ब. व. कारंत यांच्या ‘चोमन दुडी’साठी त्यांनी साहाय्यक म्हणून काम केले आणि 1977 मध्ये पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट दिला. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठीचे सुवर्णकमळ त्यांच्या चित्रपटांना चार वेळा लाभले : ‘घटश्राद्ध’ (1977), ‘तबरन कथे’ (1986), ‘तायी साहेब’ (1997) आणि ‘द्वीप’ (2001). नोकरी सांभाळून, ठरलेली वाट बदलून शिकू पाहणाऱ्या आपणास या प्रवासाचा आरंभ विशेष जवळचा वाटेल.

पहिल्या नावापासून सुरुवात करू. ‘घटश्राद्ध’ हा यू. आर. अनंतमूर्ती यांच्या कथेवरील कृष्णधवल चित्रपट. वेदपाठशाळा चालवणाऱ्या उडुपांची विधवा कन्या यमुना गर्भवती राहते. जातीचे पुढारी आणि अखेर तिचा पिताही ती जिवंत असताना तिचे श्राद्ध करतात. मराठीत याच विधीचा सख्खा भाऊ आपण रोज उच्चारतो, तो शब्द म्हणजे ‘घटस्फोट’. धर्मशास्त्रात घटस्फोट म्हणजे जातीबाहेर टाकलेल्या व्यक्तीच्या नावाने पाण्याचा घडा लवंडणे. त्या क्षणापासून ती व्यक्ती नातलगांसाठी मृत होई. पुढे मराठीत हा शब्द विवाहविच्छेदासाठी स्थिरावला आणि घडा विस्मरणात गेला. शब्दाचा अर्थ पालटला म्हणजे त्यामागची क्रूरता संपली, असे समजण्याचे कारण नाही. चित्रपटात हा प्रसंग नाणी या लहान विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे घडतो. त्याला विधीची परिभाषा कळत नाही, म्हणूनच विधीचा परिणाम त्याला स्पष्ट दिसतो. मोठ्यांजवळ शब्द आहेत आणि ते शब्दांच्या आड उभे आहेत.

‘तबरन कथे’ म्हणजे तबराची कथा. येथे ‘न’ हा कन्नडमधील षष्ठीचा प्रत्यय आहे. पूर्णचंद्र तेजस्वी यांच्या कथेवरील या चित्रपटात तबर हा निवृत्त शिपाई हक्काच्या निवृत्तिवेतनासाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवतो. घरी पत्नीच्या पायाचे दुखणे वाढत जाते आणि कागद मात्र पुढच्या मेजावर सरकत नाही. चिंचवड येथील एका रविवारच्या संपर्कसत्रात मी हा चित्रपट दाखवला होता. ‘अर्जी’, ‘कचेरी’, ‘तालूकु’ असे शब्द कानी पडू लागले, तसे विद्यार्थी अनुवाद वाचायचे थांबले. राज्यकारभाराबरोबर आलेली ही शब्दसंपत्ती दोन्ही भाषांनी सारखीच स्वीकारली आहे आणि तिच्यासोबत ताटकळणेही सारखेच वाट्याला आले आहे. चाकणच्या एका कारखान्यात रात्रपाळी करून थेट वर्गात आलेला विद्यार्थी त्या दिवशी प्रथमच बोलला. तो अक्कलकोट तालुक्यातला. घरी कन्नड, शाळेत मराठी. ‘तायी साहेब’चा विषय निघाला तेव्हा त्यानेच सर्वांना सांगितले, की कन्नडमध्ये ‘तायी’ म्हणजे आई. आपल्याला ‘ताई’ म्हणताच थोरली बहीण दिसते. वर्षभर शेजारी बसणाऱ्या सहाध्यायांना त्याच्या घरची भाषा ठाऊक नव्हती. आपल्या औद्योगिक पट्ट्यात अनेक माणसे मातृभाषा गणवेशाच्या खिशात ठेवून वावरतात.

‘द्वीप’ हा तत्सम शब्द. आपण बोलताना ‘बेट’ म्हणतो. ना. डिसोझा यांच्या कादंबरीवरील या चित्रपटात धरणाचे पाणी चढू लागते. गाव उठून जाते, पण एक कुटुंब टेकडीवर मागे राहते. टेकडीखाली गेले तर भरपाई मिळेल, परंतु देवस्थानामुळे लाभलेली ओळख उरणार नाही. पुराच्या रात्री नागी जिवाच्या आकांताने घर राखते आणि पाणी ओसरल्यावर तिचा पती त्याचे श्रेय देवाला देतो. हे पाहताना पिंपरी-चिंचवडच्या रहिवाशाने आपल्या नळाचा विचार अवश्य करावा. मावळातील पवना धरणाचे पाणी नदीतून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येते, निगडीला शुद्ध होते आणि आपल्या घरी पोहोचते. पवनेच्या जलाशयाखाली आणि खेड तालुक्यात भामा आसखेडच्या जलाशयाखालीही कुणाची तरी शेते आहेत. नळ सोडताना ‘पाणी आले’ असे आपण म्हणतो. हेच दोन शब्द धरणाच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या माणसाच्या तोंडी एकेकाळी निराळ्या अर्थाने आले होते.

कासारवल्ली यांचे बहुतेक चित्रपट कन्नड साहित्यातून उगवले आहेत. ‘हसीना’साठी त्यांनी बानू मुश्ताक यांची, तर ‘गुलाबी टॉकीज’साठी वैदेही यांची कथा निवडली. साहित्याच्या अभ्यासकाने त्यांचे रूपांतर अभ्यासावे ते याच दृष्टीने : लेखकाने वाक्यात सांगितलेले दिग्दर्शक कोणाच्या नजरेतून दाखवतो, आणि ज्याच्याजवळ प्रतिष्ठित शब्द नाहीत अशा माणसाच्या किती निकट कॅमेरा नेतो.

आतापर्यंत आपण ओळखीच्या शब्दांची नावे पाहिली. 2020 साली त्यांनी जयंत कायकिणी यांच्या कथेवर जो चित्रपट केला, त्याचे नाव आहे ‘इल्लिरलारे अल्लिगे होगलारे’. यात मराठीशी जुळणारा एकही शब्द नाही. ‘इल्लि’ म्हणजे इथे, ‘अल्लि’ म्हणजे तिथे. इथे राहवत नाही आणि तिथे जाता येत नाही, असा त्याचा आशय. खेड्यातून शहरातल्या घरी कामाला धाडलेल्या मुलाची ही गोष्ट. लातूर, विजयपूर किंवा गोपाळगंजहून येऊन चाकणला भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, सुटीत गावी गेल्यावर तिथेही पाहुणा ठरणाऱ्या कोणत्याही कामगाराला हे वाक्य एकदा उकलून सांगावे. त्याला दुसऱ्यांदा सांगावे लागणार नाही.