एकच आकडा

३१ ऑगस्ट २०२५, रविवार. कोल्हापूर

गौरी घरी आल्या. लेकही पुण्याहून आली. जेवताना गाडीचा विषय निघाला आणि विकायचं ठरलं. ह्यांच्या डोळ्यांच्या ऑपरेशननंतर गाडी कव्हर घालून दारातच उभी आहे, मला मंडईपुरती स्कूटर पुरते. वॅगनआर, व्हीएक्सआय, पेट्रोल, मार्च २०१७ चं एमएच ०९ पासिंग, पहिली मालकी, ५८ हजार किलोमीटर रनिंग.

भाऊजींनी लगेच आकडा सांगितला, "वहिनी, साडेतीन सांगा, तीनला सोडा." साडेतीन का आणि तीन का, हे विचारल्यावर म्हणाले, "सगळे असंच करतात." मी नोकरीभर मुलांना गणित शिकवलं. उत्तर बरोबर असलं तरी रीत नसेल तर मी गुण देत नसे.

४ सप्टेंबर, गुरुवार

काल रात्री जीएसटी परिषदेचा निर्णय आला. २२ सप्टेंबरपासून छोट्या गाड्यांवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर येणार, वरचा उपकरही जाणार. छोट्या पेट्रोल गाड्यांवर तो उपकर एक टक्का होता. म्हणजे १०० रुपयांची गाडी करासकट १२९ ला पडायची, ती आता ११८ ला पडेल. जवळजवळ साडेआठ टक्के कमी. कंपन्यांनी सगळा फायदा पुढे दिला, तर सहा लाखांची गाडी साडेपाचच्या आत येते.

भाऊजींचं म्हणणं, हे नव्या गाड्यांचं झालं, आपल्या जुनीचा काय संबंध? संबंध सरळ आहे. जुनी गाडी बघायला येणाऱ्याच्या डोक्यात नवीचा भाव असतोच. थोडी भर घालून शोरूममधूनच का नेऊ नये, असं त्याला वाटलं की जुनीचा भाव उतरतो. आमची गाडी कालच्याइतकीच चांगली आहे, पण आज ती कालइतक्या किमतीची नाही. हे पचायला जड जातं, कारण गाडीत तर काहीच बिघडलेलं नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

पितृपंधरवडा लागला. या दिवसांत गाडी कोणी घेत नाही, म्हणून हे दिवस माहिती काढण्यात घालवते आहे.

विमा पॉलिसीवर गाडीची घोषित किंमत छापलेली असते. बरेच लोक तोच बाजारभाव समजतात. पहिल्या पाच वर्षांत ती ठरावीक घसाऱ्याने उतरते, चौथं वर्ष सरलं की नव्या किमतीच्या निम्म्यावर येते. पाच वर्षांनंतर विमा कंपनी आणि मालक आपसात ठरवतात. गाडी चोरीला गेली तर किती मिळेल, हे त्यावरून कळतं. उद्या दारात येणारा माणूस किती देईल, हे नाही कळत.

जाहिरातींतल्या किमतीही फसव्या. २०१७ च्या वॅगनआरला कोल्हापूर-सांगलीत कोणी तीन लाख मागतं, कोणी तीन साठ. पण त्या झाल्या मागितलेल्या किमती. सौदा कितीला झाला ते कुठेच छापून येत नाही, ते ओळखीतून काढावं लागतं. शाळेतल्या एका बाईंनी एप्रिलमध्ये २०१६ ची दिली २,८५,००० ला. शेजारच्या गल्लीतल्या डॉक्टरांची २०१८ ची मे महिन्यात गेली ३,२५,००० ला. रनिंग आमच्यासारखंच. आमची मधल्या वर्षाची, म्हणून मधला आकडा ३,०५,०००. त्यातून करकपातीचे साडेआठ टक्के वजा केले की राहतात साधारण २,७९,०००. दोनच सौद्यांचा आधार आहे खरा, पण दोन्ही पैसे मोजून झालेले आहेत. पन्नास जाहिरातींपेक्षा मला ते जास्त भरवशाचे वाटतात.

जुन्या गाड्यांच्या दोन व्यापाऱ्यांकडेही विचारून आले. एक म्हणाला २,१५,०००, दुसरा २,३२,०००. ह्यांना राग आला. मला नाही आला. व्यापाऱ्याला गाडी दुरुस्त करून, धुऊनपुसून ठेवावी लागते, जागेचं भाडं असतं, विकली न जाण्याचा धोका असतो. शिवाय घेतलेल्या आणि विकलेल्या किमतीतल्या फरकावर त्याला १८ टक्के जीएसटी भरावा लागतो. गेल्या डिसेंबरात परिषदेने तो दर वाढवला. आमच्यासारख्या घरगुती विक्रेत्याला तो कर नाही. पैसे उद्याच हवे असते तर मीही २,३२,००० ला दिली असती.

११ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी गाडी उद्यमनगरात नेली. आमच्या जुन्या मेकॅनिकला म्हटलं, मला विकायची आहे असं समजू नका, विकत घ्यायची आहे असं समजून बघा. त्याने लिफ्टवर चढवून तासभर बघितली.

क्लच कंपनीतून आलेला तोच आहे. वर पकडतो, चढाला त्रास देतो, पुढच्या वर्षभरात बदलावा लागेल. मजुरीसकट साडेनऊ हजार. पुढचे टायर दोन वर्षांपूर्वी बदललेले, पण मागचे मूळचेच. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. मागच्यांवर ०५१७. नक्षी अजून दिसते, पण आठ वर्षांत रबर कडक झालं आहे. दोन टायरचे आठ हजार. डाव्या मागच्या दारावर घासल्याचा पॅच रंगवलेला. एसी चांगला, इंजिन कोरडं, बॅटरी गेल्या वर्षीची.

"मॅडम, क्लच टाकून घ्या, पॉलिश मारा, वीस हजार जास्त मिळतील," त्याचा सल्ला. मी नको म्हटलं. चकाकी आणून भाव वाढवायचा, तर घेणारा चकाकीचे पैसे देतो आणि वापरतो मात्र जुनाच टायर. क्लचही ज्याला गाडी वापरायची आहे त्याने आपल्या खात्रीच्या माणसाकडून बसवावा. मी त्याचे पैसे किमतीतून कमी करीन.

२,७९,००० मधून साडेसतरा हजार गेले. राहिले २,६१,५००. त्याचे २,६२,००० केले. विमा फेब्रुवारीपर्यंत आहे, म्हणून वरचे पाचशे मागायला मला संकोच नाही. नवी सुरक्षा नंबरप्लेट अजून बसवायची आहे, २०१९ च्या आधीच्या गाड्यांना ती लागते आणि तिच्याशिवाय आरटीओत नाव बदलत नाही. ७४५ रुपये आणि वर जीएसटी, तो खर्च माझा.

१४ सप्टेंबर, रविवार

भाऊजी आणि मी दोन तास बोललो. त्यांचं म्हणणं, २,६२,००० घ्यायचे असतील तर ३,१०,००० तरी सांगायला हवेत, कारण समोरचा घासाघीस करणारच. मी म्हटलं, मग जो घासाघीस करणार नाही त्याचं काय? तो ३,१०,००० देऊन जाईल. म्हणजे त्याच गाडीचे जास्त पैसे कोण देणार, तर ज्याला भाव पाडता येत नाही तो. कुणी पहिल्यांदाच गाडी घेणारा, कुणी संकोची, कुणी एकटी बाई, कुणी घाईत असलेला. तोंडात जोर असलेल्याला स्वस्त आणि भिडस्ताला महाग, हा व्यवहार माझ्या दारात व्हायला नको.

लेक वकिलीचा अभ्यास करते. तिने फोनवर शिकागोतल्या एका पाहणीबद्दल सांगितलं. इयन एअर्स या कायद्याच्या प्राध्यापकांनी तिथल्या गाड्यांच्या शोरूममध्ये वेगवेगळी माणसं पाठवली, सगळ्यांनी काय बोलायचं ते आधी घोकून घेतलेलं, एकसारखं. तरीही गोऱ्या पुरुषांना सर्वांत कमी किंमत सांगितली गेली. गोऱ्या स्त्रियांना आणि कृष्णवर्णीय स्त्री-पुरुषांना जास्त. तो लेख १९९१ चा. सौदा करायची रीत सारखी असूनही किंमत माणूस बघून ठरली. आपल्याकडेही बाई एकटी गेली की मेकॅनिकपासून दलालापर्यंत आकडा कसा बदलतो, हे मी पाहिलं आहे.

म्हणून सांगायचे २,६२,००० आणि घ्यायचेही तेवढेच. कमी होतील ते एकाच कारणाने: माझ्या कागदावर नसलेला दोष कोणी दाखवला तर, आणि त्या दोषाच्या खर्चाइतकेच. भाऊजी म्हणाले, "गिऱ्हाईकाला थोडं सोडल्याचं समाधान लागतं, वहिनी." लागत असेल. मी त्याला समाधान म्हणून हिशेबाचा कागद देईन.

२२ सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना. नवे दर आजपासून लागू. सकाळी घट बसवले आणि दुपारी जाहिरात दिली. फोटोत रंगवलेलं दार आणि मागच्या टायरचे आकडेही स्पष्ट घेतले. खाली लिहिलं: क्लच आणि मागचे दोन टायर बदलावे लागतील, तो खर्च किमतीत धरला आहे. एअरबॅग नाही, एबीएस नाही. किंमत एकच.

२५ सप्टेंबर, गुरुवार

फोनच फोन. बहुतेकांचा पहिला प्रश्न, "लास्ट किती?" दुसरा, "साहेब आहेत काय घरात?" साहेब आहेत, पण गाडीचं माझ्याशीच बोलावं लागेल, असं सांगितल्यावर काहींनी ठेवून दिला. एकाने ई-२० पेट्रोलचं विचारलं. गाडी एप्रिल २०२३ च्या आधीची, म्हणजे त्या इंधनासाठी बनवलेली नाही. ॲव्हरेज थोडं उतरेल, असं सांगितलं.

निपाणीचे एक गृहस्थ घासाघीस न करता २,६२,००० द्यायला तयार होते, टोकन लगेच पाठवतो म्हणाले. मी थांबवलं. गाडी कर्नाटकात न्यायची तर इथल्या आरटीओचं ना-हरकत पत्र लागतं, मग तिकडे नव्याने नोंदणी आणि तिकडचा रस्ता कर. तो धरून हिशेब करा, मग फोन करा, असं सांगितलं. संध्याकाळी त्यांचा फोन आला, "बाई, बरं झालं सांगितलं. इकडचीच केए २३ बघतो." अंतर चाळीस किलोमीटरचं, पण मध्ये सीमा असल्यामुळे आमच्या गाडीची किंमत त्यांच्यासाठी वेगळी झाली.

२८ सप्टेंबर, रविवार

एक तरुण जोडपं, बरोबर दोन वर्षांची मुलगी. गाडी आवडली, किंमतही पटली. निघताना मीच पुन्हा एअरबॅगचं काढलं. चालकाची एअरबॅग सगळ्या गाड्यांना सक्तीची झाली जुलै २०१९ पासून, एबीएस त्याच वर्षी एप्रिलपासून. आमची त्याआधीची. मुलीला घेऊन पुण्याला वरचेवर जाणार, महामार्गावर, हे त्यांच्या बोलण्यात आलं होतं. "आणखी पन्नास-साठ हजार घालून २०२० च्या पुढची बघा," मी म्हटलं. ते गेले. ह्यांना वाटलं मी गिऱ्हाईक घालवलं. टायरचे आठ हजार वजा करता येतात; पुढे बसणाऱ्याच्या छातीसमोर काही नाही, याचे किती वजा करायचे ते मला कुठल्याही हिशेबात बसवता आलं नाही. सांगणं तेवढं माझ्या हातात होतं.

३० सप्टेंबर, मंगळवार

गडहिंग्लजहून एक लॅब टेक्निशियन आला, बरोबर त्याचा मेकॅनिक. घर ते दवाखाना, शेताकडे एखादी फेरी, एवढाच वापर. एअरबॅगचं वाचून आला होता. कागद दोनदा वाचला आणि मेकॅनिकच्या हातात दिला.

मेकॅनिक कसबी निघाला. पुढची चाकं हाताने हलवून म्हणाला, "उजवीकडच्या लोअर आर्मचा बुश गेलाय. कागदावर नाही हे." आमच्याने पाहिला नव्हता. तिथल्या तिथे उद्यमनगरात फोन लावला, दोन्ही मेकॅनिक आपसात बोलले, साडेतीन हजारांवर एकमत झालं. मी किंमत २,५८,५०० केली. मुलगा म्हणाला, "अडीचला राउंड करा की, मावशी." मी त्याला प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारलं, यातलं काय चुकलंय? त्याने कागदाकडे बघून मान हलवली आणि पाच हजारांचं टोकन दिलं. कागदावर मी नवी ओळ लिहिली, खाली दोघांच्या सह्या.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. आरटीओला सुट्टी, पण गाडी आजच न्यायची होती त्याला. बँका बंद असल्या तरी पैसे पाठवता येतात. बाकीचे आले, ते खात्यात दिसल्यावर किल्ल्या दिल्या. ताबापावतीवर तारखेबरोबर वेळही लिहिली, सकाळी १०.४०. या वेळेनंतरचं चलन त्याचं. त्याच्या आईने गाडीला झेंडूचा हार घातला, आम्हाला सोनं दिलं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, विक्रीची माहिती आरटीओला गेली. विकणाऱ्याने ती १४ दिवसांत द्यायची असते. भाऊजी म्हणत होते, नावाचं तो बघेल. पण फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट सांगितलं की अपघात झाला, तर नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच कायद्याने मालक, भरपाई त्याच्या गळ्यात. त्या गाडीचे तर पुढे तीन-चार हात बदलले होते. पैसे मिळाले म्हणजे विक्री पुरी झाली, असं धरणारे लोक मोठा धोका पत्करतात.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

नावावर झाल्याचा मेसेज आला. फास्टॅग बंद केला. विम्यावरची पन्नास टक्के दावा-मुक्त सवलत गाडीबरोबर जात नाही, ती मालकाची असते. तसं पत्र विमा कंपनीकडून घेतलं, ते तीन वर्षं चालतं. लेकीने पुढे-मागे ह्यांच्या नावावर गाडी घेतली तर उपयोगी पडेल.

दुपारी गडहिंग्लजहून फोन. क्लच बसवला, दहा हजार झाले. "तुमच्या हिशेबापेक्षा पाचशे जास्त गेले, मावशी," तो म्हणाला. मग म्हणाला, दवाखान्यातले एक जण त्यांची सँट्रो काढताहेत, तो कागद त्यांना दाखवू का? मी दाखव म्हटलं, फक्त आमची नावं झाकून. आणि त्यांना सांग, आकडे आमचे घेऊ नका, सँट्रोचे दोन झालेले सौदे आधी शोधा.