कापसाच्या खोलीतला लॅपटॉप

मे 2025 मध्ये पुतण्याची बारावी झाली आणि माझा जुना गेमिंग लॅपटॉप त्यानं मागितला. लॅपटॉप 2018 चा. इंटेलचा आय-फाइव्ह 7300 एचक्यू, चार जीबीचं जीटीएक्स 1050 ग्राफिक्स, आठ जीबी रॅम आणि एक टीबीची फिरती हार्ड डिस्क. माझ्या पहिल्या पगारांतून घेतलेला म्हणून भंगारात टाकवत नव्हता. नागपूरहून वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावी, हिंगणीला घेऊन गेलो तेव्हा चालू व्हायलाच दोन मिनिटं लागायची, गेम लावला की दहा मिनिटांत अडखळायचा. पुतण्याला गेमपेक्षाही ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर शिकायचं होतं. "काका, मोठा गेम नाई चालला तरी चालते, पन हे हँग होनं बंद झालं पायजे."

पार्ट बदलावेत की साठेक हजारांचा नवा घ्यावा, हा प्रश्न होता. खरेदीची यादीही मी करून ठेवली होती. रॅम, एसएसडी, जमलंच तर ग्राफिक्स कार्ड. पण लॅपटॉप टेबलावर ठेवला तेव्हा तो किंचित डगमगला. टचपॅडची एक कड वर आली होती. खाली बॅटरी फुगली होती. कायम चार्जरला लावून ठेवलेला लॅपटॉप आणि वर्ध्याचा पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा, लिथियमच्या बॅटरीला हे मानवत नाही. अशी बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही आणि कचऱ्यात तर मुळीच टाकायची नाही. ती हलक्या हातानं काढून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायची.

बॅटरीसाठी म्हणून मागचं झाकण उघडलं आणि वेगळंच दिसलं.

पंख्याची हवा तांब्याच्या नळ्यांना जोडलेल्या बारीक पात्यांतून बाहेर जाते. पंखा आणि पाती यांच्या मधोमध करड्या-पांढऱ्या रंगाची एक गादी बसली होती. चिमट्यानं ओढली तर अखंड निघाली, पेळूसारखी. पेळू म्हणजे काय ते वर्ध्याच्या माणसाला सांगावं लागत नाही. तो कापूस होता, आमच्याच शेतातला.

2020 च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि मी गावी आलो. कापूस खरेदी थांबली होती. घराघरांत माल पडून. आमच्या आतल्या खोलीत छताला हात पुरेल इतकी गंजी होती आणि इंटरनेटची रेंज नेमकी त्याच खोलीच्या खिडकीत. मी तिथंच बसून कंपनीचं काम केलं, समोर कुलर लावून. घरात फार दिवस कापूस राहिला की अंगाला कशी खाज सुटते, हे विदर्भात कोणालाही विचारा. माणसाला जे त्रास देतं ते यंत्राच्याही आत शिरतं, हे तेव्हा ध्यानातच आलं नाही. दादा गादी हातात घेऊन बघत राहिला. "भाव वाढंन म्हनून ठेवला होता बाप्पा. तू त त्याच्या मांडीले मांडी लावून बसून रायला होता."

ती गादी काढली. प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिपवरची पेस्ट सुकून खडूसारखी झाली होती, ती पुसून नवी लावली. पेस्टचे चारशे रुपये सोडले तर पार्टाचा खर्च अजून शून्य. आधी प्रोसेसर सत्त्याण्णव अंशांवर जाऊन स्वतःचा वेग दीड गिगाहर्ट्झपर्यंत खाली आणायचा. या प्रोसेसरची मर्यादा शंभर अंशांची, म्हणून जळण्याआधी तो आपणहून हळू होतो. आता ब्याऐंशी-त्र्याऐंशी अंशांवर तीन गिगाहर्ट्झ टिकू लागले, तेही मे महिन्यात. याआधी कोणी मला दुप्पट रॅम घालून दिली असती तरी हा अडखळणारा गेम तसाच अडखळला असता. कारण रोग तिथं नव्हताच. म्हणून आता कोणी विचारलं की मी पहिल्यांदा झाकण उघडायला सांगतो, दुकानात जायला नाही.

खरेदीसाठी मग नागपूरला बर्डीच्या बाजारात गेलो. जाण्याआधी एसएसडीची खाच तपासून घेतली. एम.टूची खाच बाहेरून सारखीच दिसते, पण काहींत साटा चालते, काहींत एनव्हीएमई, काहींत दोन्ही. हिंगणीहून चुकीची वस्तू बदलायला परत जायचं म्हणजे दिवस मोडतो. पाचशे बारा जीबीची एनव्हीएमई घेतली, विंडोज तिच्यावर टाकलं आणि जुनी हार्ड डिस्क फाइलींसाठी तशीच ठेवली. दोन मिनिटांचं चालू होणं अठरा सेकंदांवर आलं. हार्ड डिस्कवर सुई फिरत्या तबकडीवरून जागा शोधत हिंडते, इथं शोधाशोधच नाही. बऱ्याच नव्या खेळांना तर एसएसडी आता अटच झाली आहे. सायबरपंक 2077 साठी 2023 पासून ती लागतेच.

रॅम आठाची सोळा केली. दुसरी खाच रिकामी होती, तिच्यात आणखी एक आठाची कांडी. त्यामुळे दोन्ही मिळून एकाच वेळी काम करतात, तो फायदा वेगळा. बॅटरी, एसएसडी, रॅम, पेस्ट मिळून आठ हजार आठशे रुपये झाले. त्याच वर्षाच्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढली आणि मेमरीचे भाव भडकले. आज हीच कांडी घ्यायची तर मी दोनदा विचार करीन.

ग्राफिक्स कार्ड मात्र यादीतून खोडलं. या लॅपटॉपमध्ये ते मदरबोर्डवर डाग देऊन बसवलेलं असतं, प्रोसेसरही तसाच. डेस्कटॉपसारखं काढून दुसरं लावता येत नाही. आणि काही खेळांची दारं या चिपला बंदच आहेत. 2024 च्या डिसेंबरमधला इंडियाना जोन्सचा खेळ किंवा 2025 चा नवा डूम, दोन्हींना रे ट्रेसिंगचं हार्डवेअर लागतं आणि 1050 मध्ये ते नाही. पुतण्याला हे तिथंच, स्क्रू लावता लावता सांगितलं. त्याचा चेहरा थोडा उतरला. ऑक्टोबर 2025 मध्ये विंडोज 10 चा आधारही संपला. विंडोज 11 च्या यादीत हा प्रोसेसर नाही, म्हणून सुरक्षेच्या अपडेटची एक वर्षाची जादा मुदत घेतली. ती संपली की लिनक्स टाकू, ब्लेंडर त्यावरही चालतं. नुकत्याच बारावी झालेल्या पोराच्या हाती साठ हजार देण्यापेक्षा आठ हजार आठशेंत त्याला शिकायला दोन-तीन वर्षं मिळाली, हे मला पटतं. त्याला नवे खेळच खेळायचे असते तर मी एक रुपयाही यात घातला नसता.

दिवाळीला गेलो तेव्हा त्यानं बोर धरणाची भिंत ब्लेंडरमध्ये उभी केलेली दाखवली. पाणी अजून नीट जमलेलं नव्हतं, काचेसारखं दिसत होतं. "पानी हालत नाई काका," म्हणाला, आणि पुन्हा आकडे बदलत बसला. वेचणी सुरू झालेली होती. संध्याकाळी दादा गाठोडं घेऊन आतल्या खोलीच्या दारात आला आणि उंबऱ्यावरच थांबला.

"लॅपटॉप उचल रे पयले. कापूस टाकाचा हाय."