रक्त थांबले, तरी शोध थांबू नये

बाळाच्या शीचा बदललेला रंग घरात सर्वप्रथम बहुधा आजीच्याच लक्षात येतो. म्हणून हे चार शब्द विशेषतः आजी-आजोबांसाठी.

काही वर्षांपूर्वी एक आजी दोन वर्षांच्या नातवाला घेऊन माझ्याकडे आल्या. मूल खेळत होते. ताप नाही, पोटदुखी नाही. मात्र आदल्या दिवशी शीतून विटकरी रंगाचे पुष्कळ रक्त गेले होते आणि ते आपोआप थांबलेही होते. ‘उष्णता असेल,’ असे घरच्यांचे मत. आजींनी मात्र तो लंगोट पिशवीत जपून आणला होता. मुलाच्या पापण्या आतून फिकट दिसत होत्या. मी त्याला तातडीने बालशल्यविशारदांकडे पाठवले.

तोंडावाटे आणि गुदद्वारावाटे दुर्बीण घालून पाहिले. काही सापडले नाही. या दुर्बिणी लहान आतड्याच्या बहुतांश भागापर्यंत पोहोचतच नाहीत.

गर्भावस्थेच्या आरंभी आतडे नाभीशी एका नळीने जोडलेले असते. पुढे ती नळी विरून जाते. परंतु शंभरांपैकी सुमारे दोघांत तिचा अवशेष लहान आतड्यावर पिशवीसारखा उरतो. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ योहान फ्रीडरिश मेकेल यांनी १८०९ मध्ये तिचे मूळ उलगडले. तिला त्यांचेच नाव आहे. बहुतेकांना तिचा जन्मभर त्रास होत नाही. काहींच्या पिशवीत मात्र जठरासारखे अस्तर असते. त्यातून आम्ल पाझरते, शेजारच्या आतड्याला व्रण पडतो आणि वेदनेवाचून रक्त वाहते. टेक्नेशियमच्या स्कॅनमध्ये हे अस्तर बहुधा दिसते. पण कधी तोही चकवतो. अशा वेळी लॅप्रोस्कोपी हाच शोध आणि हाच उपचार ठरतो.

‘‘रक्त थांबलंय, मग एवढ्याशा जिवाला भूल कशाला, डॉक्टर?’’ आजींनी विचारले. प्रश्न रास्त होता. भूल ही किरकोळ गोष्ट नव्हे. परंतु रक्त थांबले तरी कारण आतच राहते, आणि पुढचा रक्तस्राव अधिक मोठा असू शकतो.

शल्यविशारदांनी नाभीतून दुर्बीण घातली, आतडे वीतवीत तपासले, पिशवी शोधून काढून टाकली. जखमा लहान असल्याने वेदना कमी होतात, मूल लवकर हिंडूफिरू लागते. गरज पडल्यास छेद वाढवावा लागतो, हेही पालकांनी आधी समजून घ्यावे.

बीट खाल्ल्यानेही शी लाल होते; म्हणून घाबरू नका, पण स्वतःच निदानही करू नका. लंगोट टाकण्याआधी छायाचित्र काढा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रक्त पुष्कळ असेल, मूल निस्तेज वा थंडगार पडले असेल, तर थेट रुग्णालय गाठा.